पूर्ण वाक्यात बोल

गांधीबाग, नागपूर
१४ जून २०२५

आदरणीय सुभेदार बाई,
शिरसाष्टांग नमस्कार.

ओळखलं असंलच. मागच्या वर्षी माजी विद्यार्थ्यांच्या सत्कारात तुम्हाले शाल घातली तो मी, भैयाजी निखारे. नववी ब, खिडकीजवळचा शेवटचा बाक. तुम्ही मले इंग्रजीत दोनदा नापास केलं, तिसऱ्यांदा देवानं पास केलं. आता गांधीबागेत कपड्याचं होलसेल आहे, आन तीन वर्षांपासून कळमेश्वरले शाळा काढली आहे. निखारे इंटरनॅशनल. हसू नका बाई.

काम असं आहे. एमआयडीसीतल्या एका कंपनीनं मजुरांचे पोट्टे आमच्या शाळेत टाकले, फी कंपनीच भरते. सगळे बाहेरचे. छत्तीसगडचे, बिहारचे, दोन-चार ओडिशाचे. इंग्रजी तं सोडाच, त्याहीले धड मराठी येत नाही. घरी एक बोलतेत, बस्तीत दुसरं, शाळेत आले का तोंडाले कुलूप. दोन मॅडम सोडून गेल्या. तिसरी कामिनी म्हणून आहे, ती रडते. डिसेंबरात कंपनीच्या मोठ्या मॅडम पाहाले येणार आहेत का पोट्टे इंग्रजी बोलतेत का नाही.

मले एकच नाव आठवलं. तुमच्यासारखी कडक बाई मी जिंदगीत दुसरी पाह्यली नाही. रामदासपेठेतून नेणं-आणणं आमची गाडी करंल. धोंडबा ड्रायव्हर भला माणूस आहे. दोन दिवसांपासून तुम्हाले फोन लावून राहिलो, तुम्ही उचलून नाही राहिल्या. काहून ते कळवा.

तुमचा जुना विद्यार्थी,
भैयाजी


रामदासपेठ, नागपूर
१७ जून २०२५

भैयाजी,

आशीर्वाद पत्राच्या शेवटी, द्यावेसे वाटले तर.

तुझे फोन मी उचलत नाही, याचं कारण तो तुझा सत्कार. 'बाई, घरगुतीच आहे' असं फोनवर म्हणालास. आले तर मंडप, ढोलताशा, आणि शालीच्या काठावर तुझ्याच दुकानाचं नाव छापलेलं. मला पांघरूण घातलंस की जाहिरात केलीस ते अजून कळलेलं नाही. विचारलं तर तोंड वर करून म्हणालास, 'मी असं म्हणलोच नोहतो.' तेव्हाच ठरवलं, या माणसाशी बोलायचं ते कागदावर. लिहिलेलं नाकारता येत नाही. जे असेल ते लिहून धोंडबाबरोबर पाठव, मी लिहून उत्तर देईन. फोनवर तुझं नाव दिसलं की मी तो उशीखाली ठेवते.

इंटरनॅशनल! कळमेश्वरला विमानं कधीपासून उतरायला लागली रे?

पण येईन. तुझ्यावर उपकार म्हणून नाही. मुलगा परदेशात, घरात मी आणि कूलर, आणि कूलरही माझं ऐकत नाही. निदान कुणाला तरी ओरडता येईल.

अटी ऐक. वर्गात मी एकटी, तुझी ती रडकी कामिनी दाराबाहेर. वर्गात फक्त इंग्रजी, आणि तेही पूर्ण वाक्यात. कोणी नुसतं 'वॉटर' म्हणून हात पुढे केला तर पाणी मिळणार नाही, पूर्ण वाक्य बोललं तर मिळेल. आणि माझा फोटो तुझ्या कुठल्याही फलकावर दिसला तर मी स्वतः येऊन फाडेन.

आशीर्वाद द्यावेसे वाटले नाहीत.

यमुना सुभेदार


गांधीबाग, नागपूर
२८ ऑगस्ट २०२५

आदरणीय बाई,
नमस्कार.

पोळा झाला, मारबतीसंगं साऱ्या शहराच्या इडापिडा गेल्या, तुमचा रागही थोडाफार गेला असंल म्हणून लिहून राहिलो.

कामिनी सांगते का तुमच्या वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येते. पह्यले मले आनंद वाटला, मंग टेन्शन आलं. बाई, कंपनीच्या मॅडमले टाचणी नाही ऐकाची, पोट्टे ऐकाचे आहेत. ते तं तुमच्यासमोर श्वासही हळू घेतेत म्हणे. एक पोट्टा तुम्हाले पाहून गेटावरून वापस पळाला, धोंडबानं धरून आणला. जराक गोड बोलून पाहा ना. मले माहीत आहे तुम्हाले जमणार नाही, तरी सांगून ठेवतो.

आणखी एक. ती खुशी नावाची पोट्टी. चवदा वर्षांची झाली, बसते पाचवीतल्या पोट्ट्याहीत, उंटासारखी. बाप काम असंल तिकडं जाते, त्याच्यामागं हिच्या चार गावी चार शाळा झाल्या. इथं आल्यापासून तिनं तोंडातून एक शब्द काढला नाही. बाप म्हणते, शाळेत चाललं तं ठेवतो, नाही तं डोंगरगडकडं गावी धाडून लगन लावतो. मी म्हणतो, काहून जागा अडवाची? नाव कापून टाकू काय?

तुमचा,
भैयाजी


रामदासपेठ, नागपूर
३० ऑगस्ट २०२५

भैयाजी,

माझा राग मारबतीबरोबर जाळायला गावात तेवढी लाकडं नाहीत.

चाळीस वर्षं मी या शहरातल्या वकील-डॉक्टरांची पोरं शिकवली. मठ्ठपणा मला नवा नाही. पण तुझ्या शाळेतला मठ्ठपणा चार भाषांत आहे. घरी छत्तीसगडी, बस्तीत हिंदी, किराणा दुकानात तुझी ती 'हव बे'ची मराठी, आणि माझ्यासमोर छताकडे बघणं. काल एकाला नाव विचारलं तर म्हणतो, 'आय ॲम फाइन, थँक्यू.' ही कामिनीची करणी. तिने प्रश्नांच्या क्रमाने उत्तरं पाठ करून घेतली आहेत. क्रम बदलला की पोरगं बापाचं नाव 'संडे' सांगतं. या बाईला शिकवण्याचा पगार देतोस की पोपट पाळण्याचा?

गोड बोल म्हणतोस. गोड बोलून इंग्रजी येत असतं तर गांधीबागेतले सगळे दलाल बॅरिस्टर झाले असते. मी रागावते, आणि इंग्रजीतच रागावते, मराठीतला राग त्यांच्यावर वाया घालवत नाही. स्टँड स्ट्रेट. डोंट मंबल. आणि कोणी मधेच तोंड घातलं की, 'सिट डाउन. व्हेन आय वॉन्ट युअर ओपिनियन, आय शॅल आस्क फॉर इट.' एवढं म्हटलं की सगळे बसतात. म्हणजे निदान एवढं इंग्रजी तरी त्यांना कळतं.

आता तुझी खुशी. नाव ठेवणाऱ्याने काय बघितलं कोण जाणे. पोरगी भिंत आहे, भिंत. फरक इतकाच की भिंत टक लावून बघत नाही. मी फळ्याकडे वळले तरी तिचे डोळे माझ्या पाठीवर असतात. एकदा विचारलं, काय बघतेस? तर तिने माझ्या चष्म्याकडे बघितलं, मग खडूच्या हाताकडे, मग माझ्या पदराकडे, आणि न विचारता खाली बसली. आगाऊ.

पण नाव कापणारा तू कोण? जो स्वतः दोनदा आपटला त्याने दुसऱ्याला मठ्ठ म्हणू नये. शाळेत कोण राहणार ते शिकवणारा ठरवतो, फलक लावणारा नाही. तिचा बाप परवा आला होता. गेटवर उभा, चपला हातात. मी वर्गाच्या खिडकीतूनच सांगितलं, 'लडकी को रोज भेजो. जब तक मैं हूं, कोई नहीं निकालेगा.' त्याने खिडकीलाच नमस्कार केला. या लोकांचा विश्वास कशावर बसेल सांगता येत नाही. आता तो बसला आहे तर तू मधे लुडबुड करू नकोस.

य. सु.


गांधीबाग, नागपूर
१८ नोव्हेंबर २०२५

आदरणीय बाई,
नमस्कार.

तारीख ठरली. १२ डिसेंबर, शुक्रवार. हॉलले नवे पडदे लावून राहिलो, दुकानातलेच आहेत पण कोणी ओळखणार नाही.

कामिनीचे पोट्टे पाठांतरात तयार आहेत. पण मॅडमनं भलताच प्रश्न इचारला तं? त्याच्यावर मी इलाज काढला आहे. तुम्हाले आठवते काय, आपल्या शाळेत इन्स्पेक्टर येत तवा महादेवराव सर काय करत? ज्याले उत्तर येते त्यानं उजवा हात वर कराचा, ज्याले येत नाही त्यानं डावा. साहेब पाहते तं साऱ्या वर्गाचे हात वर! खुश होऊन जाये बिचारा. सरानं उजवा हात पाहून पोट्टा उठवला का काम फत्ते. आपणही तेच करू. कामिनी उजवेवाले उठवंल. हाये का नाही दिमाग?

खुशीले त्या दिवशी सुट्टी द्या. एवढी मोठी पोट्टी मधात उभी राहून मुकी राह्यली तं इज्जतीचा कचरा होईल. मी काही तिचं नाव कापून नाही राहिलो, एका दिवसाचा सवाल आहे.

तुमचा,
भैयाजी

ता. क. : परवा तुम्हाले फोन लावला तो चुकून लागला होता. उशीखाली ठेवाची तसदी घेऊ नका.


रामदासपेठ, नागपूर
२० नोव्हेंबर २०२५

भैयाजी,

डावा हात, उजवा हात! पन्नाशी उलटली, पोट सुटलं, 'इंटरनॅशनल' झालास, आणि अक्कल अजून महादेवरावांच्या इन्स्पेक्शनमध्येच बसली आहे. तो गृहस्थ वर्षभर शिकवायचा कंटाळा करायचा आणि एक दिवस हात वर करायला लावायचा. तू नेमका त्याच्याकडूनच शिकलास. माझ्याकडून शिकायला डोकं लागतं.

या तमाशाला मी येणार नाही. त्या दिवशी मी घरी बसून संत्री सोलीन, ते जास्त उपयोगाचं आहे.

खुशीबद्दल. परवा मधल्या सुट्टीत मी चष्मा वर्गात विसरले म्हणून परत फिरले. पाण्याच्या टाकीमागे दहा-बारा पोरं मांडी घालून बसलेली, आणि समोर ही. ओढणीचा पदर केलेला, खांद्यावरून कमरेला खोचलेला. नाकावर माझा चष्मा! एक हात कमरेवर, दुसऱ्या हातात खडू म्हणून काडी. आणि ही भिंत बोलत होती रे. इंग्रजीत. 'स्टँड स्ट्रेट. डोंट मंबल. हू विल अंडरस्टँड यू, युअर बफेलो?' माझा आवाज, माझा ठसका, वाक्य संपल्यावर मी नाक उडवते म्हणे, तेसुद्धा. आणि ती चिल्लीपिल्ली, जी माझ्यासमोर बापाचं नाव विसरतात, ती तिला उभी राहून पूर्ण वाक्यात उत्तरं देत होती. आपसांत हसत होती.

नकला आहेत नुसत्या. माकडालाही येतात. मी आडोशाला उभी राहिले आणि तिचं संपल्यावर वर्गात जाऊन बसले. सुट्टीनंतर चष्मा टेबलावर होता, काचा पुसलेला.

ती १२ तारखेला हॉलमध्ये बसेल, बाकीच्यांसारखी. तिला सुट्टी दिलीस तर त्याच दिवसापासून मीही सुट्टीवर. विषय संपला.

य. सु.


गांधीबाग, नागपूर
१३ डिसेंबर २०२५

सुभेदार बाई,

आज आदरणीय लिहाचा मूड नाही.

काल तुम्ही संत्री सोलत बसल्या होत्या. इकडं तुमच्या पोट्टीनं मले सोललं.

पाठांतर फस्क्लास झालं. मंग मॅडम उठल्या, म्हणल्या मी एक प्रश्न इचारते. प्रश्न काय होता ते मलेही समजलं नाही. साऱ्याहीचे हात वर. कामिनी उजव्यावाल्याले उठवणार, तेवढ्यात मॅडमनंच बोट केलं, 'द टॉल गर्ल.' खुशी! डावा हात वर केलेला, जसं सांगतलं होतं तसा. मी घाबरलो. मधात पडलो. म्हणलं, 'मॅडम, नॉट धिस. धिस गर्ल नो इंग्लिश, धिस गर्ल लिटल दिमाग कम.' पोट्टी उभी राह्यली. कमरेवर हात ठेवला. माह्याकडं पाह्यलं, वरून खाली, जसं तुम्ही पाहता. आन म्हणे,

'सिट डाउन. व्हेन आय वॉन्ट युअर ओपिनियन, आय शॅल आस्क फॉर इट.'

आन नाक उडवलं.

सारा हॉल हसला. कंपनीचे लोक हसले, माह्ये मास्तर हसले, धोंडबा दारात उभा राहून हसला, त्याले तं कळलंही नोहतं. मॅडमच्या डोळ्यांतून पाणी आलं हसून-हसून. म्हणे, मिस्टर निखारे, ही तं तुमच्याहून चांगली बोलते. जाताना सीटा वाढवून गेल्या. पण हसून गेल्या ना बाई.

तुम्हाले ते वाक्य माहीत आहे. तुमचंच आहे. पण तुम्हाले हे माहीत नसंल का ते मलेही माहीत आहे. नववीत तुम्ही एक प्रश्न इचारला होता. मले जिंदगीत पह्यल्यांदा उत्तर येत होतं. मी हात वर न करताच उभा राहून बोलाले लागलो, खुशीत. तुम्ही हेच म्हणल्या. हेच्या हेच. सारी नववी ब अशीच हसली. त्या दिवसापासून मी इंग्रजीत तोंड उघडलं नाही. बाप म्हणे, दुकानात बस, तिथं मराठी चालते.

शाळा काहून काढली असंल मी? फी साठी? कपड्यात काय कमी आहे काय मले? माह्या नावाच्या बोर्डाखाली पोट्टे इंग्रजी बोलतीन, आन तुम्ही माह्या गाडीत बसून शिकवाले येसान, एवढंच पाह्यजे होतं. मिळालं. आन मिळून काय झालं तं त्याच वाक्यानं पुन्हा खाली बसलो.

खुशीचं नाव मी आज कापलं. बापाले सांगतलं, सोमवारपासून धाडू नको.

भैयाजी निखारे


रामदासपेठ, नागपूर
१५ डिसेंबर २०२५

भैयाजी,

पत्र वाचलं. दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा विश्वास बसला नाही की पन्नाशीचा बाप्या एका पोरीने खाली बसवलं म्हणून रडतो आणि ते रडणं लिहून पाठवतो.

नववी ब मधलं मला काही आठवत नाही. तसं मी रोज कुणाला ना कुणाला म्हणत असे, प्रत्येकाची नोंद ठेवली असती तर घरात पाय ठेवायला जागा उरली नसती. बाकीचे हसले, विसरले, पास झाले. तू मात्र ते वाक्य दुकानातल्या गाठोड्यासारखं जपून ठेवलंस, आणि आता ते एका पोरीच्या डोक्यावर टाकतोस. तिने तुझं काय वाकडं केलं? तिला तू मुकी म्हणालास, कमी डोक्याची म्हणालास, तेही परक्या माणसांसमोर, तेही तुझ्या त्या फाटक्या इंग्रजीत. तिने तुला उत्तर दिलं. व्याकरण शुद्ध, जागा अचूक. मी असते तर तिला बसायला लावलं नसतं, पुन्हा एकदा म्हणायला लावलं असतं.

सीटा वाढल्या, पडदे खपले, पाहुणी खुश होऊन गेली. तोटा कुणाचा झाला? तुझ्या नाकाचा. आणि तुझ्या नाकासाठी ती डोंगरगडला जाऊन चुलीपुढे बसणार? तिच्या बापाला मी शब्द दिला होता. खिडकीतून दिला म्हणून तो शब्द नव्हे, असं समजू नकोस.

आता नीट ऐक. उद्या सकाळी ती पोरगी पहिल्या बाकावर दिसली पाहिजे. नाही दिसली तर मी पाचवीचा अख्खा वर्ग घेऊन तुझ्या गांधीबागेतल्या दुकानात येईन, ऐन लग्नसराईत. तुझ्या पांढऱ्या गादीवर तेल लावलेली तीस डोकी बसवीन आणि गिऱ्हाइकांसमोर तुझी तोंडी परीक्षा घेईन. मला ओळखतोस. येईन.

सकाळपासून तुझे फोन येत आहेत. हे लिहितानाही उशीखाली गुरगुर चालली आहे. शिव्या द्यायच्या असतील तर लिहून दे, रडायचं असेल तरी लिहूनच रड. मी उचलणार नाही. खाली वॉचमनलाही सांगून ठेवलं आहे, निखाऱ्यांकडून धोंडबाशिवाय कोणी आलं तर वर सोडायचं नाही. तुझी माणसं पाठवून मला गुंडाळता येणार नाही.

पोरगी नाही तर मीही नाही, म्हणून आज गाडी रिकामी परत पाठवली; धोंडबा उद्या येईल तेव्हा हे पत्र नेईल.

य. सु.


गांधीबाग, नागपूर
१६ डिसेंबर २०२५

बाई,

धोंडबानं तुमचं पत्र सकाळीच आणून दिलं. त्याले तसाच वापस धाडून राहिलो हे घेऊन.

मी शिव्या द्याले फोन नोहतो करून राहिलो.

काल सकाळी खुशीचा बाप दुकानात आला, खुशीले घेऊन. पिशव्या-गाठोडं सोबत. इतवारी टेसनावरून दुपारची गाडी पकडाची होती, जाताना म्हणे सेठ, शाळेचा दाखला देऊन द्या. गादीच्या कडेले उभा राह्यला, वर नाही आला. पोट्टी त्याच्यामागं, कापडाच्या थानांच्या बाजूनं, भिंतीले चिकटून. मान खाली. तिले तसं उभं पाह्यलं आन मले खिडकीजवळचा तो बाक आठवला. नववीत मीही तसाच बसत होतो दुसऱ्या दिवसापासून. मनात म्हणलं, भैयाजी, तू काय करून राहिला बे? तुमच्या पत्राची मले गरज नोहती बाई. तुमचं पत्र भेटाच्या आधीच मी त्याले म्हणलं, दाखला नाही भेटत, नाव वापस लिवतो, पोट्टीले उद्या शाळेत धाड.

त्यानं मान हालवली. म्हणे, 'सेठ, आपने काटा, आप लिखोगे, कल फिर काटोगे. बडी मॅडम ने खिडकी से बोला था, कोई नहीं निकालेगा. वो एक बार बोल दें तो छोड देता हूं.'

म्हणून फोन लावला. मंग पुन्हा लावला. स्पीकरवर टाकला, साऱ्या दुकानात वाजत होता. माह्या पोराले, रजतले, ॲक्टिव्हावर तुमच्याकडं धाडलं, वॉचमननं त्याले गेटावरून हाकललं, म्हणे बाईची ऑर्डर आहे. रजतनं खालूनही फोन लावला, त्याचा नंबर तुम्हाले माहीत नसंल, तोही नाही उचलला.

शेवटी फोन मी खुशीच्या हातात दिला. तिनं तो कानाले लावला, दोन्ही हातांनी धरून. वाजू दिला, पूर्ण, बंद होईस्तोवर. मंग ओढणीनं पुसून माह्यासमोर ठेवला. बाप म्हणे, 'देखा?' ती माह्याकडं वळली. म्हणे,

'मॅडम इज बिझी.'

हळूच म्हणे. कमरेवर हात नाही, नाक उडवणं नाही, काही नाही. मले समजवल्यासारखं, का मी वाईट नको वाटून घेऊ. बाई, ते वाक्य तुमचं नोहतं. तुमच्या तोंडून असं वाक्य मी कधी ऐकलं नाही. ते तिनं स्वतः केलं होतं.

मंग ते गेले. मी इतवारीपर्यंत मागं गेलो, गाडी सुटली होती.

तिच्या बापाचा नंबर माह्याजवळ आहे. मी लावला तं उचलते, पण माह्याशी बोलाले त्याच्याजवळ काही नाही. तुम्ही सांगा आता काय कराचं. लिहूनच सांगा, मले माहीत आहे.

भैयाजी


रामदासपेठ
१६ डिसेंबर, दुपार

भैयाजी,

धोंडबा दारात उभा आहे. त्याला बस म्हटलं तरी बसत नाही.

तुझं पत्र वाचून फोन उशीखालून काढला आणि तुला लावला. तू उचलत नाहीस. गादीवर गिऱ्हाईक असेल, किंवा घाबरला असशील. किती वेळ वाजत राहतो रे तो.

तिचं वाक्य बरोबर आहे. पूर्ण आहे, एकही चूक नाही. फक्त खरं नाही. मॅडम बिझी नव्हती.

हे पत्र हातात पडलं की गिऱ्हाइकाला उठव. तिच्या बापाला फोन लाव आणि मला जोड, कसं जोडायचं ते रजतला विचार, तुला येणार नाही. बापाला एवढंच सांग की बडी मॅडम बोलणार आहेत. पुढचं मी बोलेन. तो नाही म्हणाला तर पोरीला फोन द्यायला सांग. तिने 'हॅलो' म्हणून गप्प बसू नये, पूर्ण वाक्यात बोलावं, मी ऐकते आहे.

उत्तर लिहीत बसू नकोस. फोन लाव. मी उचलते.

यमुना सुभेदार